हयातीचा दाखला

गोव्यातल्या वृद्ध माजी सैनिकाच्या वर्षात दोन महिने महत्त्वाचे असतात आणि ते एकमेकांना लागून येतात. नोव्हेंबरात त्याला आपण जिवंत असल्याचे सरकारला कळवावे लागते, कारण हयातीचा दाखला वेळेत पोहोचला नाही तर निवृत्तिवेतन थांबते. डिसेंबर उजाडला की सरकार आणि समाज त्याला शोधत येतात. ४ तारखेला नौदल दिन, ७ ला सशस्त्र सेना ध्वजदिन, १६ ला १९७१ च्या युद्धाचा विजय दिवस आणि १९ ला गोवा मुक्तिदिन असे मानाचे दिवस ओळीने येतात, व्यासपीठे उभी राहतात, शाल आणि श्रीफळ दिले जाते. माझे थोरले मामा गेली काही वर्षे या दोन्ही महिन्यांतून जात आहेत. त्यांना जवळून पाहताना माझे एक मत पक्के होत गेले आणि ते मांडण्यासाठीच हा लेख लिहीत आहे. डिसेंबरातला सन्मान योग्यच आहे, तो व्हावा. पण तो करण्याचा हक्क राज्याने आणि समाजाने आधी नोव्हेंबरात मिळवला पाहिजे. ज्या पत्त्यावर सत्काराचे निमंत्रण बिनचूक पोहोचते, त्याच पत्त्यावर वर्षातून एकदा सरकारी माणूस यावा, सैनिकाचे आणि त्याच्या पत्नीचे कागद तपासावेत, चुकलेले दुरुस्त करून घ्यावेत, औषधपाण्याची चौकशी करावी, आणि हे सगळे ती दोघे हयात आहेत तोवर व्हावे.

मामांचा जन्म १९४५ चा, डिचोली तालुक्यातला. चार इयत्ता मराठी शाळेत, मग पोर्तुगीज शाळेत 'प्रिमेरू ग्राव' ही प्राथमिक पातळी आणि पुढे म्हापशाला इंग्रजी शाळा, असे त्यांचे शिक्षण तीन भाषांत झाले. १८ आणि १९ डिसेंबर १९६१ या दोन दिवसांत भारतीय सैन्याने गोवा मुक्त केला तेव्हा ते सोळा वर्षांचे होते. त्याआधी इथल्या एखाद्या मुलाला भारतीय सैन्यात जायचे असेल तर सरहद्द ओलांडून मुंबई किंवा बेळगाव गाठावे लागे. मुक्तीनंतर ती वाट गावागावांतल्या मुलांना पहिल्यांदा उघडी झाली. नौदलाच्या हवाई शाखेचा 'आयएनएस हंसा' हा तळ १९६४ साली तमिळनाडूतल्या सुलूरहून दाबोळीला आला आणि त्याच वर्षी मामा नौदलात भरती झाले. मुक्तिसंग्रामातील स्वातंत्र्यसैनिकांची नोंद गोव्याने ठेवली, त्यांना मानधन दिले, हुतात्म्यांची स्मारके पत्रादेवीला आणि पणजीच्या आझाद मैदानावर उभी केली, आणि ते सर्वथा उचित होते. मात्र पोर्तुगीज अमलाखाली जन्मून, मुक्तीनंतर अवघ्या दहा वर्षांत भारताचे सैनिक म्हणून युद्धात उतरलेली ही पहिली पिढी आपण कधी वेगळी ओळखलीच नाही. आज या पिढीतले जे हयात आहेत ते सत्तरीच्या पुढे आहेत.

१९७१ च्या युद्धात मामा 'विक्रांत'वर होते. बॉयलरला तडा गेल्यामुळे या विमानवाहू नौकेचा वेग मर्यादित झाला होता, तरीही तिला बंगालच्या उपसागरात पाठवण्यात आले आणि ४ डिसेंबरला तिच्यावरून उडालेल्या सी हॉक विमानांनी कॉक्स बझारच्या धावपट्टीवर हल्ला केला. त्यानंतर चितगावचे बंदर आले. त्या विमानांच्या पंखांखाली रॉकेट आणि बाँब जोडणाऱ्या तुकडीत मामा होते. त्याविषयी विचारले तर ते एवढेच म्हणतात, "काम आशिल्लें, केलें." ९ डिसेंबरच्या रात्रीबद्दल मात्र ते आपणहून बोलतात. त्या रात्री 'खुकरी' ही युद्धनौका पाकिस्तानी पाणबुडीच्या पाणतीराने दीवजवळच्या समुद्रात बुडाली आणि कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. मामांबरोबर प्रशिक्षण घेतलेला त्यांचा एक जिवलग मित्र त्यांत होता. दीव तेव्हा गोवा, दमण आणि दीव या संघप्रदेशाचा भाग होता, म्हणजे कारभाराच्या हिशेबाने ती नौका आपल्याच प्रदेशाच्या किनाऱ्यापुढे बुडाली. मी शाळेत असताना ही गोष्ट आम्हांला कोणी सांगितली नाही; मला ती मामांच्या ओसरीवर कळली.

ते युद्ध ३ डिसेंबरला सुरू झाले आणि १६ ला संपले. मामांचा संसार त्रेपन्न वर्षांचा आहे. समाजाच्या मनात सैनिक त्या तेरा दिवसांत थांबलेला असतो, म्हणून आपण त्याला त्या दिवसांच्या तारखांना बोलावतो आणि त्याच तारखांविषयी विचारतो. प्रत्यक्षात पंधरा वर्षांची सेवा करून मामा १९७९ मध्ये घरी परतले तेव्हा चौतिशीत होते, त्यांना तीन लहान मुले होती, थकलेले वडील होते आणि एका बहिणीचे लग्न व्हायचे होते. नौसैनिकाच्या निवृत्तिवेतनावर हे भागणारे नव्हते. त्यांनी एका खाणीच्या वर्कशॉपमध्ये नोकरी धरली आणि वीस वर्षांहून अधिक काळ खनिजाच्या लाल धुळीत ट्रकांची इंजिने दुरुस्त केली. मुले शिकली, बहिणीचे लग्न झाले, वडिलांचे आजारपण निघाले. हे सारे इतके साधे आहे की त्यासाठी कोणी सत्कार करत नाही, आणि तो व्हावा अशी मामांचीही अपेक्षा नाही. पण सैनिक म्हणून त्यांच्या अंगी जे बाणले ते युद्धापेक्षा या संसारात अधिक खर्ची पडले, हे मला सांगितलेच पाहिजे.

चार वर्षांपूर्वी मामींना अर्धांगवायूचा झटका आला. तेव्हापासून त्या अंथरुणाला खिळून आहेत आणि त्यांची शुश्रूषा मामा स्वतः करतात. नौकेवर चोवीस तासांची विभागणी चार-चार तासांच्या पाळ्यांत केलेली असते. मामांनी तीच विभागणी घरात आणली. बारा, चार, आठ, पुन्हा बारा, या ठरलेल्या वेळी मामींची कूस बदलायची, पाठीला हात लावून कातडी लाल झाली आहे का ते पाहायचे, पाणी पाजायचे, औषध असेल तर द्यायचे आणि भिंतीवर टांगलेल्या वहीत पेन्सिलीने वेळ आणि आपली आद्याक्षरे लिहायची. पहाटे चारची पाळीही चुकत नाही. दिवसा मदतीला एक बाई येते. तिने कूस बदलली तर तिचीही खूण त्या वहीत असते. चार वर्षांत मामींच्या पाठीला एकही जखम झालेली नाही. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या पाठीला पडणारे व्रण ज्यांनी पाहिले आहेत त्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. त्या वहीची पाने मी चाळते तेव्हा मला वाटते की या माणसाविषयी राज्याला काही जाणून घ्यायचे असेल तर तेही याच घरात येऊन जाणून घ्यावे लागेल.

गेल्या नोव्हेंबरात मी त्यांना जवळच्या एका सुविधा केंद्रावर घेऊन गेले. यंत्रावर बोट ठेवले की आधारशी ताडून दाखला तयार व्हायला हवा होता. तरुणपणी विमानांचे ग्रीस आणि नंतर ट्रकांचे ऑइल यांत आयुष्य गेलेल्या त्या बोटांवरच्या रेषा झिजून गेल्या आहेत. उजव्या हाताची पाचही बोटे झाली, ओल्या फडक्याने पुसून पुन्हा झाली, यंत्र नाकारत राहिले. मग तिथल्या मुलीने फोनसमोर चेहरा धरायला सांगितले आणि पापण्या मिटा म्हणाली. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्यांनी मामा पापण्या मिटत उघडत होते आणि मधूनमधून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होते. मुलीला वाटले त्यांना कंटाळा आला. मला ठाऊक होते की बाराची पाळी जवळ येत होती आणि मामींजवळ फक्त शेजारीण बसली होती. शेवटी डाव्या अंगठ्याने काम झाले. पण त्याच वेळी पडद्यावरची माहिती वाचून दाखवताना एक गोष्ट उघडकीला आली जी आम्हां कोणाच्या ध्यानात इतकी वर्षे आली नव्हती. निवृत्तिवेतनाच्या नोंदीत पत्नीचे म्हणून जे नाव होते ते मामींच्या आधारवर नव्हते.

हे कसे घडते ते गोव्याबाहेरच्या अधिकाऱ्याला सहज उमजणार नाही. आपल्याकडे लग्नाची नोंदणी सिव्हिल रजिस्ट्रारपुढे धार्मिक विधीच्या आधी होते आणि तिथे वधू माहेरच्या नावाने सही करते. मंडपात विधी होतात ते नंतर, आणि तांदळांत नवे नाव लिहिले जाते तेही नंतर. मामांनी १९७३ साली नौदलाला लग्न कळवले ते नोंदणीच्या दाखल्यासह, म्हणून तिथे माहेरचे नाव बसले. शिधापत्रिका, मतदार यादी, बँक आणि आधार या सगळ्यांत सासरचे नाव आले. आडनावांची कथा तर आणखी गुंतागुंतीची आहे. पोर्तुगीज काळातल्या जन्मनोंदींत शेणवींचे सिनाय, कामतांचे कामोतीं, प्रभूंचे पोरोबो अशी रूपे आहेत, आणि जिथे उच्चार तोच राहिला तिथेही रोमन लिपीतली अक्षरे पोर्तुगीज वळणाची आहेत. सैन्यात भरती करून घेणाऱ्या कारकुनाने आपल्याला ऐकू आले तसे इंग्रजी वळणाने लिहिले आणि पुढे आधार काढताना आणखी तिसरेच रूप झाले. पन्नास वर्षे यात काही बिघडले नाही, कारण बँकेतला माणूस खातेदाराला चेहऱ्याने ओळखत होता. संरक्षण खात्याने निवृत्तिवेतनाचा कारभार 'स्पर्श' या संगणकीय प्रणालीवर आणल्यापासून अक्षरे जुळावी लागतात, जन्मतारखा जुळाव्या लागतात. प्रणाली वाईट आहे असे मी म्हणत नाही. निवृत्तिवेतन मधल्या कोणावर विसंबून न राहता थेट खात्यात यावे हा तिचा हेतू चांगलाच आहे. परंतु मराठी, पोर्तुगीज आणि इंग्रजी अशा तीन लिखाणांतून गेलेल्या नावांच्या माणसांवर ती लागू होते तेव्हा जुळवणीचे ओझे त्या माणसांवर न टाकता राज्याने उचलायला हवे.

पत्नीच्या नावातली चूक ही कारकुनी किरकोळ गोष्ट आहे असे कोणाला वाटेल. तिचा परिणाम सैनिक हयात असताना दिसत नाही, म्हणूनच ती राहून जाते. तो गेल्यानंतर विधवेला कुटुंब निवृत्तिवेतन मिळते, जे सर्वसाधारण नियमाने शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के धरले जाते. म्हणजे उत्पन्न आधीच घसरलेले असते आणि नेमक्या त्या वेळी आपणच ती पत्नी आहोत हे सिद्ध करण्याचे काम तिच्या वाट्याला येते. कागद कुठल्या ट्रंकेत आहेत, कुठला क्रमांक कशाचा आहे, हे ज्याला ठाऊक होते तोच माणूस गेलेला असतो. मामींना तर उठून बसताही येत नाही. वयाच्या ऐंशीव्या वर्षी निवृत्तिवेतनात २० टक्क्यांची भर पडते आणि पुढे दर पाच वर्षांनी ती भर वाढत शंभराव्या वर्षी निवृत्तिवेतन दुप्पट होते. कुटुंब निवृत्तिवेतन घेणाऱ्या विधवेलाही हा लाभ आहे. पण त्यासाठी तिची जन्मतारीख नोंदीत हवी, आणि निवृत्तिवेतनाच्या जुन्या आदेशांत ती पुष्कळदा नसतेच. गोव्याला याची अधिक खंत वाटायला हवी असे मला वाटते. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेला आपला कौटुंबिक कायदा, लग्नाआधी वेगळा करार झालेला नसेल तर, पत्नीला संसाराच्या मालमत्तेत अर्ध्याची मालकीण मानतो आणि त्याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. घराच्या अर्ध्या भिंतींवर जिचा हक्क निर्विवाद आहे, तिचे नाव नवऱ्याच्या सेवापत्रिकेत धड नसावे, ही विसंगती आपल्याच राज्यातली आहे आणि ती दूर करण्याला कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही.

यावर जे आक्षेप घेतले जातात त्यांतला पहिला मी गंभीरपणे घेते, कारण तो आमच्याच वाड्यावरच्या माणसांकडून ऐकला आहे. सैनिकाला निवृत्तिवेतन आहे, १ जुलै २०१४ पासून लागू झालेली समान हुद्दा समान निवृत्तिवेतन योजना आहे, २००३ पासून आरोग्य योजना आहे, कँटीन आहे. आणि जन्मभर दुसऱ्याच्या कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत, राबलेल्या म्हाताऱ्याला गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे महिना २००० रुपये. मग सैनिकाच्या दारी माणूस पाठवायचा आणि त्या म्हाताऱ्याने रांगेत उभे राहायचे का, असा हा प्रश्न आहे. माझे म्हणणे असे आहे की मी सैनिकासाठी जादा पैसा मागत नाही. जे त्याचे ठरलेले आहे ते त्याच्यापर्यंत आणि त्याच्यामागे त्याच्या पत्नीपर्यंत विनासायास पोहोचावे एवढेच मागते. दुसरे असे की सैनिकांची नोंद सरकारकडे नावानिशी, पत्त्यानिशी आहे आणि त्यांची संख्या आटोक्यातली आहे, म्हणून दारी जाण्याची रीत त्यांच्यापासून सुरू करणे सोपे आहे. ती एकदा बसली की कुळागरातल्या त्या म्हाताऱ्यापर्यंत नेण्याला सबब उरणार नाही. २०११ च्या जनगणनेत साठी ओलांडलेल्यांचे प्रमाण केरळखालोखाल गोव्यात सर्वाधिक, ११ टक्क्यांच्या वर, होते. ही रीत गोव्याला आज ना उद्या बसवावीच लागणार आहे. आणि सैनिकांतही सगळे निवृत्तिवेतनधारक नाहीत, हे या आक्षेपात विसरले जाते. पुरेशी वर्षे न भरता सेवेतून सुटलेल्यांना ते मिळत नाही. अशा पासष्टीपुढच्या गरजूंना केंद्र सरकार जे निर्वाह अनुदान देते ते नोव्हेंबर २०२५ पासून महिना ४००० वरून ८००० रुपये झाले, पण ते मागण्यासाठी अर्ज करावा लागतो, आणि ज्याला त्याची सर्वांत जास्त गरज आहे तोच अर्जापर्यंत पोहोचत नाही.

दुसरा आक्षेप असा की आता सारे घरबसल्या फोनवर होते. होते, हे खरे. पोस्टाची पेमेंट्स बँक २०२० पासून पोस्टमनमार्फत घरी येऊन हयातीचा दाखला करून देते, चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोयही आहे. या सोयींचा मला आदर आहे. पण सोय असणे आणि ती घरात पोहोचणे यांत एका माणसाचे अंतर असते, आणि ऐंशीच्या घरातल्या जोडप्याकडे बहुधा तो माणूसच नसतो. शिवाय फोन हयातीचा दाखला करील. पत्नीचे नाव चुकले आहे हे फोन सांगणार नाही, आरोग्य योजनेचे कार्ड असूनही या महिन्याची औषधे का आणली नाहीत हे विचारणार नाही.

तिसरा आक्षेप, हे मुलांचे काम आहे. या आक्षेपाकडे गोव्यात तरी डोळे उघडे ठेवून पाहिले पाहिजे. मामांची मुले वाईट नाहीत. एक आखातात आहे, मुलगी पुण्यात आहे, धाकटा इथे आहे पण वास्कोच्या कारखान्यात पाळीवर जातो आणि आठवड्यातून दोनदा येतो. नातू गेल्या वर्षी आजोबांचा जन्मदाखला मागायला आला. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या दोन पिढ्यांना पोर्तुगीज नागरिकत्वाचा दावा करता येतो, आणि त्या पारपत्राच्या आधाराने गोव्यातली किती घरे रिकामी झाली ते सासष्टी-बार्देशपासून आता आमच्या डिचोलीपर्यंत सर्वांना ठाऊक आहे. भारताच्या नौदलात युद्ध लढलेल्या माणसाने आपला पोर्तुगीज काळातला दाखला नातवाच्या हाती द्यावा का, यावर घरात दोन दिवस कोणी मोठ्याने बोलले नाही. तिसऱ्या दिवशी मामांनी दाखला काढून दिला आणि म्हणाले, त्याचे आयुष्य त्याला काढायचे आहे. मी त्या नातवाला दोष देत नाही आणि मामांच्या निर्णयावर मत देण्याचा अधिकार मला नाही. पण ज्या राज्याची तरुण पिढी रोजगारासाठी दूर जात आहे, त्या राज्याने वृद्धांना मुलांच्या भरवशावर सोडण्याची भाषा करू नये. २००७ चा आईवडिलांच्या पालनपोषणाचा कायदा हेळसांड करणाऱ्या मुलांसाठी आहे. प्रेम आहे, पैसेही पाठवतात, पण बाराच्या पाळीला घरात नाहीत, अशा मुलांबाबत तो काय करणार?

गोव्यात बारा तालुके आहेत आणि सारे राज्य ३७०२ चौरस किलोमीटरचे आहे. काणकोणहून निघालेला माणूस संध्याकाळपूर्वी पेडण्याला पोहोचून परतू शकतो. मोठ्या राज्यांना जे अवघड आहे ते आपल्याला अवघड नाही. पंच्याहत्तरी ओलांडलेल्या प्रत्येक माजी सैनिकाच्या आणि सैनिकाच्या विधवेच्या घरी वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर आणि नोव्हेंबरापूर्वी, भेट द्यायची. जाणारा माणूसही बाहेरून आणायला नको. जवान आणि नौसैनिक पस्तिशी-चाळिशीत निवृत्त होतात आणि त्यांतले अनेक जण गावी परतून काम शोधत असतात. त्यांना मानधन देऊन हे काम सोपवावे. सेवापत्रिका कशी वाचायची, कुठल्या रकान्यात काय असते, हे त्यांना शिकवावे लागणार नाही, आणि ऐंशी वर्षांचा नौसैनिक परक्या कारकुनाशी जे बोलणार नाही ते आपल्यासारख्याशी बोलेल. नाव किंवा जन्मतारीख जुळत नसेल तर तिथेच अर्ज भरावा, जुना पोर्तुगीज दाखला असेल तर त्याचा अधिकृत अनुवाद राज्याने आपल्या खर्चाने करून द्यावा, आणि राज्याबाहेरच्या सैनिकी नोंदणी कार्यालयाशी पत्रव्यवहार राज्याने करावा, त्या म्हाताऱ्याने नव्हे. दुरुस्ती झाली की नाही हे विचारायला तोच माणूस पुन्हा यावा. मला यात शेवटची भेट सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण आपल्याकडे अर्ज घेतला जातो तेव्हा काम झाले असे सर्वांना वाटू लागते.

त्याच भेटीत आणखी एक काम होऊ शकते, जे आणखी दहा वर्षांनी कोणालाच करता येणार नाही. या माणसांच्या आठवणी त्यांच्या तोंडून, त्यांच्या बोलीत, ध्वनिमुद्रित करून ठेवाव्यात. गोव्याच्या पुराभिलेखागाराची स्थापना १५९५ सालची आहे आणि त्याचा पहिला रक्षक दियोगु दु कोउतो हा स्वतः सैनिक म्हणून भारतात आलेला माणूस होता. पोर्तुगीज सैनिकांच्या नोंदी, त्यांची वेतनपत्रे, त्यांच्या तक्रारी शतकानुशतके जपून ठेवणाऱ्या या भूमीत, मुक्तीनंतर इथून गेलेल्या पहिल्या भारतीय सैनिकांचा आवाज कुठेच नसेल तर आपण कोणाचा इतिहास सांभाळला याचा विचार करावा लागेल. आणि त्यांना केवळ युद्धाविषयी विचारू नये. 'विक्रांत'च्या धावपट्टीवर रात्री कसा वारा सुटे हे विचारावे, तसेच चौतिसाव्या वर्षी गणवेश उतरवून खाणीवर पहिल्या दिवशी जाताना काय वाटले हेही विचारावे. 'खुकरी'वरच्या मित्राच्या घरी पत्र कोणी लिहिले ते विचारावे. मामांनी ते लिहिले होते. ते पत्र हिंदीत लिहावे लागले आणि हिंदी लिहायची सवय नसल्याने त्याला चार दिवस लागले, हे त्यांनी मला पन्नास वर्षांनी, मामींची कूस बदलता बदलता सांगितले.

यंदाच्या मुक्तिदिनाला त्यांना पुन्हा बोलावणे येईल आणि ते जातील. आठची पाळी आटोपून निघतील आणि बारापर्यंत परततील असे त्यांनी आतापासूनच शेजारणीला सांगून ठेवले आहे. मामींच्या नावाच्या दुरुस्तीचा अर्ज गेल्या नोव्हेंबरातच केला. अद्याप उत्तर आलेले नाही. अर्जाची पोच त्यांनी पत्र्याच्या ट्रंकेत सर्वांत वर, मला चटकन सापडेल अशी ठेवली आहे आणि ट्रंकेची दुसरी किल्ली माझ्याकडे दिली आहे.